धक्का न बसलेले उंदीर

चाळीस उंदरांच्या काचा रंगवून झाल्या आणि त्यांतली एकही स्वच्छ निघाली नाही, तेव्हा पहिली शंका मला आली ती माझ्याच हातांची.

माझं काम कापायचं आणि रंगवायचं. उंदराचा मेंदू मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याच्या केसाहून पातळ चकत्या काढायच्या, त्या कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायच्या आणि मग रंग द्यायचा. तेव्हा मला हे करायला लागून अकरा वर्षं झाली होती. घरी भाजी चिरायला बसले की नवरा म्हणायचा, "जरा जाड चिर गं. काचेवर नाही लावायची, खायची आहे."

आमच्या संस्थेत स्फोटाचा अभ्यास चालतो. स्फोटात ज्याला एक छर्रा लागत नाही, हाड मोडत नाही, जो कपडे झटकून उठतो आणि चालत घरी जातो, त्याच्या डोक्यात पुढे काय होतं, याचा. माणसाला मुद्दाम धक्का देता येत नाही, म्हणून उंदीर. मागच्या आवारात पत्र्याची एक शेड होती आणि शेडमध्ये सहा मीटर लांबीची पोलादी नळी. नळीच्या एका टोकाला प्लॅस्टिकचा पडदा आवळून बसवायचा, त्याच्यामागे हवेचा दाब वाढवत न्यायचा. दाब सोसेनासा झाला की पडदा फुटतो आणि हवेची लाट नळीतून पलीकडे सुटते. पलीकडच्या टोकाशी भूल दिलेला उंदीर जाळीत निजवलेला असतो. कागदोपत्री त्या नळीला मोठं लांबलचक नाव होतं. आम्ही सगळे तिला तोफ म्हणायचो.

तोफ उडवणारा माणूस म्हणजे माझे मोठे दीर. संस्थेत ते मास्तर, मला भाऊजी. मूळचे लेथवर काम करणारे. तोफेचा एकेक जोड त्यांनीच कातून बसवला होता आणि नऊ वर्षं तेच ती चालवत होते. मला या नोकरीची जाहिरात त्यांनीच आणून दाखवली होती. जाऊबाई गेल्यापासून ते आमच्याच मजल्यावर समोरच्या दोन खोल्यांत एकटे राहत आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवत.

तर त्या चाळीस काचा. मेंदूत चांदणीसारख्या दिसणाऱ्या पेशी असतात. एरवी त्या अंग चोरून बसलेल्या असतात. मेंदूला इजा झाली की फुगतात, पाय पसरतात आणि एकमेकींत गुंततात. गुडघा फुटल्यावर खपली धरते, तसं काहीसं. माझ्या रंगात त्या तपकिरी दिसतात. चाळीसपैकी वीस उंदरांना धक्का दिलेला होता, वीस जणांना नाही. धक्का न दिलेल्यांना कंट्रोल म्हणतात. त्यांचं सगळं बाकीच्यांसारखंच करायचं, तेच खाणं, तीच भूल, तीच जाळी, फक्त तोफ उडवायची नाही. काचांवर नुसते आकडे असतात. कोणता आकडा कुणाचा, हे मला सांगत नाहीत. माझं काम म्हणजे काचा बघून दोन ढीग करायचे.

मला दोन ढीग करता येईनात. काहींमध्ये चांदण्या दाट होत्या, काहींमध्ये विरळ, पण नव्हत्या अशी एकही काच नव्हती.

मॅडमनी यादी काढून ताडून पाहिलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. कंट्रोलच्या वीसही काचांत चांदण्या होत्या.

"लेबलं उलटसुलट झाली असतील," त्या म्हणाल्या.

"उलटसुलट झाली असती तर वीस तरी स्वच्छ निघाल्या असत्या ना," मी म्हटलं. मला राग आला होता.

त्यांनी तसा रागाचा बाऊ केला नाही. बाहेरच्या पैदास केंद्रातून सहा नवे उंदीर मागवले आणि आमच्या इमारतीत पाऊल न ठेवू देता त्यांचे मेंदू थेट माझ्या टेबलावर आणले. त्याच पात्यानं कापले, त्याच बाटलीतल्या रंगानं रंगवले. काचा इतक्या फिकट निघाल्या की रंग द्यायला विसरले की काय, असं वाटावं.

म्हणजे माझे हात ठीक होते. रंग ठीक होता. त्या वीस जणांना काहीतरी झालं होतं.

"यांना ठेवलं कुठे होतं?" मी विचारलं.

मॅडमनी वही उघडली. प्राणिगृहाची फरशी उखडून काम चाललं होतं, म्हणून आठ आठवडे कंट्रोलचे पिंजरे शेडमध्ये, तोफेशेजारच्या छोट्या खोलीत ठेवले होते. "मास्तरांच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "धक्क्यापासून लांब. मध्ये भिंत आहे."

मला तेव्हा आठवलं, भाऊजींनी जेवताना सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. "तुमचे ते कंट्रोलवाले बरे नाहीत गं. नुसते गोल गोल फिरतात. खात नाहीत धड." आणि मी पानात वाढता वाढता म्हटलं होतं, "त्यांना काय धाड भरलीय भाऊजी? त्यांना तर काही केलेलंच नाही."

भाऊजींनी आणखीही बरंच काही दाखवलं होतं, पण ते दाखवणं आम्हांला दिसलं नव्हतं. अर्ध्या सुताचीही चूक न करणारा माणूस स्वतःच्या दाराशी उभा राहून किल्ली कोणत्या बाजूला फिरवायची, हे विचारायचा. उजेड नको म्हणून न्हाणीघरात दिवा न लावता स्टुलावर बसून राहायचा. कानात डास गुणगुणतो म्हणायचा. टीव्हीचा आवाज एका आकड्यानं वाढवला की ताट सारून उठायचा. आणि सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, पेपर वाचता वाचता एकदम दात आवळून थांबायचा. शेडमध्ये दिवसाचा पहिला बार अकराला उडायचा. आम्ही म्हणायचो, जाऊबाई गेल्या, माणूस खचला. त्या दुःखाच्या खुंटीवर आम्ही सगळंच टांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. अकरा वर्षांत तिथं कधी पाय ठेवला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर मला तोफ कळायची ती एवढीच, की खिडकीची काच कुणी टिचकी मारावी तशी वाजायची.

खोली लहान होती. टेबल, त्यावर दाबाची तबकडी आणि दोन बटणं, एक गादीची खुर्ची, डाव्या हाताला पिंजऱ्यांची रिकामी मांडणी. तोफ आणि खोली यांच्यामध्ये भिंत होती खरी, पण ती प्लायवुडची, तिला जाड काचेची खिडकी आणि खाली तारांसाठी पाडलेलं वीतभर भोक.

"आज इकडे वाट कशी चुकलीस?" भाऊजी म्हणाले.

"बघायला आले. बसू का मी तुमच्या खुर्चीत?"

त्यांनी खुर्ची पुढे केली, कानांवर घालायचे जाड मफ दिले आणि स्वतः माझ्या मागे उभे राहिले. जाळी रिकामी होती, नुसताच चाचणीचा बार होता. तबकडीचा काटा चढत गेला. "तीन, दोन," भाऊजी मोजत होते. काचेत मला त्यांचा जबडा आवळलेला दिसला. "एक."

आवाज मफमुळे लांबून आल्यासारखा आला. पण त्याच क्षणी आणखी काहीतरी आलं. कुणीतरी छातीवर उशी दाबावी आणि लगेच काढून घ्यावी, तसं. भिंतीवरचं कॅलेंडर सबंध उचललं गेलं आणि परत खाली बसलं.

मी मफ काढले. "हे असं रोज होतं?"

"रोज कुठे? शनिवार-रविवार सुट्टी असते की." ते हसले. मग मांडणीकडे हात करून म्हणाले, "पोरांना मात्र कळायचं. मी तीन म्हटलं की सगळी कोपऱ्यात जाऊन एकमेकांवर चढायची. मी दात आवळायचो, ती पण आवळायची. आमची जोडी जमली होती."

"भाऊजी, तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?"

"तुला सांगितलं होतं ना."

मी मफ त्यांच्या हातात परत दिले.

मॅडमनी दाब टिपणारे दोन सेन्सर आणले. एक मांडणीच्या उंचीवर बांधला, एक खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. तीन बार उडवले. संगणकाच्या पडद्यावर दरवेळी दोन बारीक उंचवटे उमटले. तोफेतल्या लाटेपुढे ते म्हणजे काहीच नव्हते.

"एकेक बार पाहिला तर हे नगण्य आहे," मॅडम कागदावर हिशेब करत म्हणाल्या. "पण चाळीस दिवस, दिवसाला दहा-बारा… अहो, हे आपण शोधत होतो त्याच्याहून मोठं आहे. लहान धक्के, पुन्हा पुन्हा. हे अजून कुणी…" त्या थांबल्या. दुसऱ्या उंचवट्यावर, खुर्चीवाल्या, त्यांचं पेन टेकलेलं होतं.

मग हळूच म्हणाल्या, "मी लागले तेव्हा पहिलं वर्षभर त्या खुर्चीशेजारी उभी असायचे. मास्तर शिकवत होते मला." आणि पेनाला टोपण लावत, "मला हल्ली नावं आठवत नाहीत. मी म्हटलं, काम वाढलंय."

त्याच दिवशी त्यांनी तोफ बंद केली. शेडला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. ही गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी, कारण वरून त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली.

भाऊजींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना दुपारी माझ्या खोलीत बोलावलं. कसं सांगावं, ते घोकून ठेवलं होतं, पण ते आले आणि सरळ सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसले. "दाखव," म्हणाले.

मी काच लावली. त्यांनी स्वतःच चाक फिरवून नजर जमवली. यंत्राशी त्यांचा हात अजून चुकत नव्हता.

"या तपकिरी, पाय फुटलेल्या… ह्या का?"

"हो."

"कुणाच्या?"

"सतरा नंबर."

"डाव्या कानाला चीर होती ती. शेवटच्या कप्प्यातली." ते बघतच राहिले. "ती माझ्या खांद्याशीच असायची."

खाली कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. भाऊजींनी डोळे उचलले नाहीत.

"माझ्याही असंच असेल?"

"सांगता येत नाही, भाऊजी. जिवंत माणसाचं असं बघता येत नाही."

"मग नंतर बघ." त्यांनी दिवा बंद केला आणि डोळे चोळले. "काय करावं लागतं त्यासाठी? अर्ज असेल ना कसला तरी."

मी म्हटलं, असलं काहीतरी बोलू नका. ते म्हणाले, "रडतेस कशाला? बरं वाटलं मला. मला वाटत होतं, मी वाईट माणूस होत चाललोय."

संस्थेनं त्यांचं डोकं तपासून घेतलं. स्कॅन साफ आला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे. चांदण्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत, हे मला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं. पण कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून आलं आणि त्या कागदाच्या जोरावर दुसरा कागद आला, की सदर तक्रारींचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही. भाऊजींना भांडारात बसवलं, बोल्ट मोजायला.

त्या साफ स्कॅननं घरात मात्र घोळ घातला. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं, चांदण्या, खुर्ची, कॅलेंडर. तो म्हणाला, "उंदरांचं माणसांना लावू नकोस. स्कॅन साफ आहे म्हणजे साफ आहे. हा स्वभाव आहे त्याचा. बाबांचाही असाच होता." त्याला तसं वाटून घ्यायचं होतं, कारण भावाचं डोकं बिघडलंय म्हणण्यापेक्षा भाऊ चिडका आहे म्हणणं सोपं जात होतं. पुढची दोन वर्षं त्यानं भाऊजींशी तशीच वागणूक ठेवली. ते चिडले की हाही चिडायचा. ते एकच प्रश्न चौथ्यांदा विचारायला लागले की हा म्हणायचा, "मुद्दाम करतोयस ना?"

एका रविवारी नळ उघडा राहिला आणि पाणी दाराबाहेर आलं. नवरा बोलला. भाऊजींनी त्याला दोन्ही हातांनी ढकललं, तो कपाटावर आपटला, भुवईतून रक्त आलं. भाऊजी स्वतःच्या हातांकडे बघत उभे होते, जणू ते कुणी त्यांच्याकडे ठेवायला दिलेत. नवरा रुमाल दाबून म्हणाला, "दादा, उद्यापासून तू आमच्याकडे जेवायला येऊ नकोस."

आले नाहीत. मी ताट नेऊन द्यायचे. ते दार अर्धवट उघडून घ्यायचे आणि दर वेळी विचारायचे, "लागलं का गं त्याला फार?" भुवई भरून आली, टाका निघाला, महिने गेले, तरी तेच विचारायचे. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणायचा, "जाईन त्याच्याकडे. जातो एकदा." समोरचं दार सहा पावलांवर होतं.

त्याच वर्षी भाऊजींना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले. शेवटचे तीन दिवस नवरा दवाखान्यात उशाशी बसून होता, पण भाऊजी शुद्धीवर नव्हते.

अर्ज त्यांनी कधीच भरून ठेवला होता. मला न सांगता मॅडमकडून घेतला होता. सहीच्या जागी दोनदा सही होती. एकदा केलेली विसरले असावेत. माणसांचे मेंदू आमच्याकडे येत नाहीत, त्याची वेगळी व्यवस्था असते, कापणं त्यांनीच केलं. पण हा रंग माझ्याइतका कुणाच्या हातून उतरत नाही, म्हणून काही महिन्यांनी सहा काचा रंगवायला माझ्याकडे आल्या. सहा माणसांच्या सहा. आकडे टाकलेल्या. कोणती काच कुणाची, हे मला सांगायचं नाही, असा नियम, आणि या वेळी मॅडमनी तो फार कसोशीनं पाळला. मी नको म्हणाले असते तर त्यांनी जबरदस्ती केली नसती. मी नको म्हटलं नाही.

पाच काचा फिकट होत्या. सहावीत मेंदूचा करडा भाग आणि पांढरा भाग जिथं मिळतात, त्या सबंध सीमेवरून चांदण्यांची दाट ओळ गेली होती. बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवतीही. उंदरांच्या काचा मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. इतकी दाट खपली कधी पाहिली नव्हती. मी आकडा लिहिला, शेरा लिहिला आणि वही मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी यादी काढली नाही. नुसती मान हलवली.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट हातातच राहिला.

"नक्की?"

"नक्की."

"स्कॅनमध्ये का नाही दिसलं मग?"

"नाही दिसत. सांगितलं होतं मी."

तो जरा वेळ बुटाची नाडी सोडवत, बांधत बसला. मग म्हणाला, "कधीपासून असेल?"

"काचेवर तारीख नसते."

"मला ढकललं तेव्हा असेल?"

"हो. तेव्हा असणारच."

"आणि त्याच्या आधी? तुझ्या भावाच्या लग्नात त्याच्याशी भांडला होता, भर मांडवात, तेव्हा?"

"तेव्हा तोफ लागून वर्षही झालं नव्हतं. मला नाही सांगता येणार."

"आणि वहिनी गेली तेव्हा रडला नाही, ते?"

त्या दिवसापासून हे सुरू आहे. नवरा मागे मागे जातो. दाढी करता करता, भाजी निवडता निवडता, बसस्टॉपवर उभा असताना त्याला काहीतरी आठवतं आणि तो विचारतो, "आणि ते गं?" दादाचं एकेक वाक्य, एकेक रुसवा तो पुढे करतो आणि मी ढीग करावेत अशी त्याची अपेक्षा असते, हे दादाचं, हे तोफेचं. मी कधी हो म्हणते, कधी नाही. मला यातलं काही ठाऊक नसतं. मला ती काच डोळ्यांपुढे दिसत असते आणि त्या काचेत माणसाचा स्वभाव कुठे संपतो आणि जखम कुठे सुरू होते, याची रेघ नव्हती.

मॅडमचा पेपर छापून आला. शेडची भिंत आता काँक्रीटची आहे, खुर्ची नाही, तोफ तिसऱ्या इमारतीतून चालवतात. मॅडम नावं विसरतात आणि वहीत लिहून ठेवतात. मी त्यांना काही विचारत नाही, त्याही मला विचारत नाहीत.

परवा सकाळी नवरा गॅलरीत नखं कापत बसला होता. मध्येच थांबला.

"मला टायफॉइड झाला होता, आठवतं?" तो म्हणाला. "सहाएक वर्षं झाली. मला चमचा धरवत नव्हता. दादा रोज यायचा. एकदा त्यानं माझी नखं कापली. हातांची, पायांची, सगळी. कापता कापता डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, अरे मी मरत नाहीये. तर म्हणाला, लहानपणी तुला फार मारलं रे मी." तो नखांकडे बघत होता. "दादा असा कधीच नव्हता गं. आयुष्यात त्यानं मला कधी जवळ घेतलं नव्हतं. ते एकदाच."

मला पुढचा प्रश्न कळला होता. मऊ होणं, उगाच डोळ्यांत पाणी येणं, हेही त्या दुखण्यात होतं. मी वाचलं होतं, मॅडमच्या पेपरातच होतं.

"ते त्याचंच होतं ना?" त्यानं विचारलं.

"त्यांचंच," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि उरलेली नखं कापायला घेतली.